वास घेतल्यावर गंधपेशींच्या जनुकांचं काम बदलतं, त्याबद्दल

वेदवती

वासाची नाकाला सवय होते हे सगळ्यांना माहितीये. खोलीत शिरल्यावर जो वास एकदम जाणवतो तो थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, बाहेर जाऊन परत आलं की परत येतो. हे झालं सेकंद आणि मिनिटांचं. मला बोलायचंय ते तास आणि दिवसांबद्दल, कारण गेले काही महिने या विषयावरचं जे मिळेल ते वाचतेय आणि राहवत नाहीये. आपण ज्या हवेत तासन् तास असतो त्या हवेतल्या वासांप्रमाणे नाकातली एकेक गंधपेशी आपली कुठली जनुकं किती जोरात चालवायची हे बदलत राहते, आणि अशा बदललेल्या पेशीपुढे पुढचा वास आला की तिचं उत्तरही वेगळं येतं.

थोडी पार्श्वभूमी देते, माहिती असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताशी एक छोटं अस्तर असतं, त्यात लाखो गंधपेशी. या खऱ्याखुऱ्या चेतापेशी आहेत, एक टोक नाकातल्या चिकट द्रवात बुडालेलं आणि दुसरं टोक कवटीच्या हाडातल्या बारीक छिद्रांमधून थेट मेंदूच्या घ्राणकंदापर्यंत गेलेलं. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी वासाच्या रिसेप्टरांच्या (म्हणजे वासाचा रेणू पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रोटीनांच्या) जनुकांचं भलंमोठं कुटुंब शोधलं, २००४ चं नोबेल त्यासाठीच. उंदरात अशी हजाराच्या वर चालू जनुकं आहेत, माणसात साधारण ४००. आणि एक पेशी यातलं एकच जनुक निवडते, तेसुद्धा आईकडून आलेली प्रत नाहीतर वडिलांकडून आलेली, बाकीची सगळी गप्प बसवते.

त्यामुळे वर्षानुवर्षं असं धरून चाललेले की दोन गंधपेशींमधला फरक म्हणजे रिसेप्टरचा फरक, आतली बाकी यंत्रणा सगळ्यांची सारखीच. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या लॅबचा पेपर आला त्यात हे उलटंपालटं झालं. त्यांनी उंदरांच्या सुट्या सुट्या गंधपेशींमधला आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या पेशीने काढलेल्या प्रती, मोजला आणि दिसलं असं की सुमारे हजार प्रकारच्या पेशींपैकी प्रत्येक प्रकाराचा स्वतःचा एक ठसा आहे. वासाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करण्याशी संबंधित ७० हून जास्त जनुकं कुठल्या पेशीत जास्त चालू तर कुठल्या पेशीत कमी, आणि हे प्रमाण रिसेप्टर कुठला आणि उंदीर कुठल्या वासात राहतोय या दोन्हीवर मिळून ठरतं. उंदरांना दुसऱ्या वातावरणात हलवलं की काही तासांत हे प्रमाण नव्याने बसतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे पेशीतल्या या जनुकांकडे बघून ती पेशी आत्ता एखाद्या वासाला किती जोरात उत्तर देईल हे बऱ्यापैकी अचूक सांगता आलं. त्यांनी याला रिओस्टॅट म्हटलंय, म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर समजा, पंखा तोच, वीज तीच, पण काटा कुठे ठेवलाय त्यावर वेग.

यावर कुणी वाचलं असेल किंवा काम केलं असेल तर प्लीज लिहा.

निखिल_७९

छान धागा. पण एक बेसिक शंका, वास घेतल्याने जनुकं बदलतात म्हणजे डीएनए बदलतो का? असं असेल तर जरा भीतीदायकच आहे की, दिवसभर कुठले कुठले वास येत असतात.

वेदवती

@निखिल_७९ नाही नाही, डीएनएची अक्षरं जशीच्या तशी राहतात. बदलतं ते एवढंच की कुठल्या जनुकाच्या आरएनए प्रती पेशी जास्त काढते आणि कुठल्याच्या कमी. प्रती जास्त तर ते प्रोटीन जास्त, प्रती कमी तर प्रोटीन हळूहळू कमी. आणि यात घाबरण्यासारखं काही नाही, स्नायूंना काम दिलं की तिथेही हेच होतं, यकृतात होतं, मेंदूत काही शिकताना होतं.

हे होतं कसं तेही सांगते कारण तो रस्ता फार सुंदर आहे. वासाचा रेणू रिसेप्टरला चिकटला की आत एक जी-प्रोटीन जागं होतं, ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज ३ या एन्झाइमला कामाला लावतं, ते सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवतं, त्याने पडद्यावरचे चॅनल उघडतात, कॅल्शियम आत येतं, त्या कॅल्शियममुळे क्लोराइडचे चॅनल उघडून क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी मेंदूकडे सिग्नल धाडते. सगळं सेकंदाच्या आत. आता हेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला धरून त्या चॅनलला मंद करतं, ती झाली मिनिटांची सवय. पण हेच कॅल्शियम आणि सायक्लिक एएमपी जर वारंवार वाढत राहिले तर काइनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइमं जागी होतात, क्रेब नावाच्या प्रोटीनला केंद्रकात फॉस्फेट लागतो, आणि मग ते प्रोटीन ठराविक जनुकं चालू करायला मदत करतं. म्हणजे जो सिग्नल मेंदूला "वास आला" सांगतो त्याच सिग्नलची एक शाखा पेशीच्या केंद्रकात जाते.

अनामिका_र

वाचतेय. कॅल्शियम आत आणि क्लोराइड बाहेर हे मला नव्हतं माहीत, बाकी चेतापेशींमध्ये क्लोराइड बहुतेक वेळा पेशीला शांत करतं ना?

पेशीवाचक

@अनामिका_र बरोबर, मेंदूतल्या बऱ्याच मोठ्या झालेल्या चेतापेशींमध्ये क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. गंधपेशी मात्र आधीच आत भरपूर क्लोराइड साठवून ठेवते, म्हणून चॅनल उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशी आणखी उत्तेजित होते. बाहेरच्या द्रवातलं मिठाचं प्रमाण कमीजास्त होत राहतं तरी या युक्तीमुळे सिग्नलला जोर मिळतो.

आता मूळ विषयावर. मी या क्षेत्रात नाही पण शेजारच्या विषयात आरएनए मोजायचं काम करतो त्यामुळे हे पेपर लक्ष ठेवून वाचतो. दत्तांच्या आधीपासून याची बरीच तयारी झालेली होती.

एक म्हणजे २०१५. जिनिव्हाच्या इव्हान रॉड्रिगेझ यांच्या गटाने दाखवलं की उंदराला एखादा वास दिला की त्या वासाने जागा झालेला जो रिसेप्टर आहे त्याचाच आरएनए त्या पेशींमध्ये कमी होतो. आधी वाचलं तेव्हा मला हे उलट वाटलं होतं, वापर वाढला तर प्रती वाढायला हव्यात असं आपल्याला वाटतं, पण इथे पेशी आवाज खाली आणते. त्यांनी याचाच उपयोग करून घेतला, कुठल्या वासाला कुठला रिसेप्टर हे शोधायचं तर वास द्या आणि कुठल्या रिसेप्टरचा आरएनए खाली गेला ते बघा. त्याआधी हे शोधणं म्हणजे एकेक रिसेप्टर घेऊन डिशमधल्या पेशींमध्ये घालायचा आणि एकेक वास टाकून बघायचा, आणि त्यातले कितीतरी रिसेप्टर परक्या पेशींच्या पडद्यावर नीट बसतच नाहीत. इथे जिवंत उंदराच्या नाकातच उत्तर मिळायला लागलं. त्याच गटाचा २०२२ मध्ये आणखी एक पेपर आला, त्यातही हेच की विश्रांतीत असतानाच पेशींचे प्रकार एकमेकांपासून वेगळे असतात आणि वास दिल्यावर ते ठसे आणखी बदलतात. दत्ता लॅब आणि हे दोन्ही गट वेगवेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचले म्हणून मला यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

दुसरं म्हणजे एस१००ए५ नावाचं जनुक. पेशी सतत वापरात असेल तर ते भरपूर, वापर बंद तर ते खाली. हे कळलं कसं, तर उंदराची एक नाकपुडी बंद करून. मधल्या पडद्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजू वेगळ्या, म्हणजे एकाच प्राण्यात एक बाजू वासाशिवाय आणि दुसरी वासासकट, रक्त तेच, हार्मोन तेच, वय तेच. २००६ मध्ये टोकियोच्या साकानो यांच्या गटाने किरेल२ आणि किरेल३ ही जोडी दाखवली, पेशी कामात असेल तर किरेल२ वाढतं आणि किरेल३ कमी होतं, आणि ही प्रोटीनं पेशीच्या लांब तंतूंवर बसून सारख्या रिसेप्टरवाल्या तंतूंना घ्राणकंदात एकत्र बांधायला मदत करतात. म्हणजे वापराचा परिणाम आवाजाच्या पातळीवर आहे तसाच जोडणीवरही आहे.

मोजपट्टी

थोडं आडवं विचारतो, राग मानू नका. नाकपुडी बंद करायचा प्रयोग तुम्ही म्हणता तितका स्वच्छ आहे असं मला वाटत नाही. नाकपुडी बंद केली की वास थांबतो, मान्य, पण त्याबरोबर हवेचा झोत थांबतो, तापमान बदलतं, ओलावा बदलतो, तिथला द्रव साचतो. उघड्या बाजूला दुप्पट हवा जाते म्हणजे ती बाजूही नॉर्मल राहिली नाही. शिवाय मागून, घशाच्या बाजूने थोडा वास बंद बाजूलाही जातोच. मग आरएनए बदलला तो वासामुळे का या बाकी भानगडींमुळे?

आणि दुसरं, पूर्ण अस्तर कुटून आरएनए मोजला असेल तर त्यात एखादा आरएनए कमी दिसणं म्हणजे पेशीने प्रती कमी काढल्या असंही असेल किंवा तशा पेशीच मेल्या असंही असेल. हे दोन वेगळे कसे केले?

पेशीवाचक

राग कसला, हेच विचारायला हवं. नाकपुडीच्या प्रयोगावर अगदी याच मुद्द्यांवरून त्या क्षेत्रातच टीका झालेली आहे. म्हणून आता एकटा तो प्रयोग कुणी पुरेसा मानत नाही. दुसऱ्या बाजूने बघतात, नाकपुडी उघडीच ठेवायची, हवा तीच, फक्त त्यात एकच रसायन मिसळायचं. त्यात बदल जर त्या रसायनाला ओळखणाऱ्या पेशींमध्येच दिसला आणि शेजारच्या पेशींमध्ये नाही, तर तापमान आणि ओलाव्याची शंका उरत नाही कारण ते सगळ्यांना सारखंच लागलेलं असतं. २०१५ चं काम याच पद्धतीचं.

मेल्या का गप्प झाल्या, हा प्रश्न सिंगल सेल आरएनए मोजणीमुळे सुटतो. पेशी एकेक करून मोजल्या की प्रत्येक पेशीत रिसेप्टर कुठला ते दिसतं, म्हणजे त्या प्रकारच्या पेशी किती आहेत ही एक संख्या, आणि त्या प्रत्येकीत बाकी जनुकं किती चालू ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या मोजता येतात. आणि काही तासांत झालेला बदल हा मरण्याजन्मण्याचा असूच शकत नाही, त्याला आठवडे लागतात.

मोजपट्टी

एक रसायन आणि शेजारची पेशी कंट्रोल म्हणून, हे पटलं. हे प्रयोग जास्त भक्कम आहेत.

वेदवती

मरण्याजन्मण्याचा विषय निघालाच आहे तर तो पण लिहिते कारण तिथेही जनुकांचीच गोष्ट आहे. गंधपेशी आयुष्यभर नव्याने बनत राहतात, अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात, जुनी पेशी काही आठवडे-महिने काम करून जाते आणि नवी तिच्या जागी येते. चेतापेशींमध्ये हे फारच दुर्मिळ.

२०१२ मध्ये स्टीफन सँटोरो आणि कॅथरीन ड्यूलाक यांनी एच२बीई नावाचं हिस्टोन दाखवलं. डीएनए ज्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन. नेहमीच्या एच२बी मध्ये आणि यात अमिनो आम्लांचा फरक फक्त ५ जागी. ज्या गंधपेशींना काम मिळत नाही त्यांच्यात हे एच२बीई साचत जातं, नेहमीच्या हिस्टोनची जागा घेतं, आणि त्या पेशी लवकर मरतात. ज्यांना भरपूर वास मिळतो त्यांच्यात ते कमी राहतं आणि त्या जास्त टिकतात. हे जनुकच काढून टाकलं तर पेशी जास्त जगतात, जास्त चालवलं तर लवकर जातात. म्हणजे पेशीला किती काम मिळालं याचा हिशेब डीएनएच्या गुंडाळीतच ठेवला जातो आणि त्यावरून पेशीचं आयुष्य ठरतं. पुढे २०२० मध्ये सँटोरो यांच्या गटाने दाखवलं की वास मिळतो का नाही यावर काही ठराविक प्रकारच्या पेशी जन्माला येण्याचं प्रमाणही बदलतं. म्हणजे वापर बघून कोण टिकेल तेही ठरतं आणि कोण नवीन येईल तेही थोडंफार.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. तासांच्या पातळीवर पेशी आपला आवाज खाली आणते कारण तोच वास सारखा येतोय. आठवड्यांच्या पातळीवर मात्र वापरात असलेली पेशी टिकून राहते. मला आधी हे परस्परविरोधी वाटलं पण विचार केल्यावर दोन्हीचा उपयोग वेगळा आहे. सततच्या पार्श्वभूमीत बुडून न जाता नवीन आलेला वास पकडायचा असेल तर पार्श्वभूमीला ओळखणाऱ्या पेशींनी गप्प व्हायलाच हवं. आणि जे वास या जगात खरंच येत असतात त्यांच्यासाठीच्या पेशी सांभाळून ठेवायलाही हव्यात.

संध्यारंग

मी इथे फक्त वाचते एरवी, पण हा विषय माझ्या जवळचा आहे म्हणून लिहितेय. कोविडनंतर माझा वास पूर्ण गेला, नंतर थोडा आला पण वेडावाकडा आला, साबण, अत्तर, धूर, सगळ्याचा एकच एक जळकट वास यायचा. आता बराच सुधारलाय तरी काही वास अजून येतच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की पेशी मेल्या, नव्या येतील. पण तुम्ही म्हणताय ते वाचून वाटलं की पेशी जिवंत असूनही जनुकं बंद पडली असं होऊ शकतं का?

पेशीवाचक

@संध्यारंग हो, आणि यावर नेमकं काम झालेलं आहे. आधी २०२० मध्ये दत्ता लॅबनेच दाखवलं की कोविडचा विषाणू ज्या एसीई२ या प्रोटीनला धरून आत शिरतो ते गंधपेशींवर जवळजवळ नसतंच, ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या आधारपेशींवर असतं. मग प्रश्न असा की विषाणू शेजारच्या पेशीत शिरला तर गंधपेशीचा वास का जावा? २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या स्टाव्रोस लोमवार्डास आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टर आणि कोविडने मृत्यू झालेल्या माणसांच्या अस्तराचे नमुने बघितले. आधारपेशींना संसर्ग झाला की गंधपेशींच्या केंद्रकाची आतली रचनाच विस्कटते असं त्यात दिसलं.

इथे ती रचना म्हणजे काय ते सांगायला हवं. वासाच्या रिसेप्टरांची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. एक जनुक चालू करण्यासाठी वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे नियंत्रक तुकडे केंद्रकात एका जागी गोळा व्हावे लागतात, या तुकड्यांना ग्रीक बेटांची नावं दिलीयेत. संसर्गात हा जमाव मोडतो, आणि रिसेप्टरचं जनुक खाली येतं, त्याबरोबर वर वेदवतींनी लिहिलेलं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज ३ सुद्धा खाली येतं. पेशी जागेवर आहे पण तिच्याकडे वास पकडायला रिसेप्टरही पुरेसा नाही आणि सिग्नल वाढवणारी यंत्रणाही नाही.

जास्त काळ टिकणाऱ्या त्रासात मात्र चित्र थोडं वेगळं आहे. २०२२ मध्येच ड्यूक विद्यापीठाच्या गटाने ज्यांचा वास बरेच महिने परत आला नाही अशांच्या अस्तराच्या बायोप्सी केल्या, त्यात दाहाच्या टी-पेशी रेंगाळलेल्या दिसल्या आणि गंधपेशींची संख्याही कमी. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचंही चूक नाही, दोन्ही गोष्टी घडतात.

संध्यारंग

खूप खूप आभार. इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. "बेटं" हे लक्षात राहील. मग ते वास हुंगायचं ट्रेनिंग असतं त्याने ही जनुकं परत चालू होतात का? मी ते करतेय.

वेदवती

@संध्यारंग ट्रेनिंग सोडू नका. ते ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलं, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या ४ वासांचं, दिवसातून २ वेळा, १२ आठवडे. ज्यांनी केलं त्यांचा वास न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला, आणि नंतर बऱ्याच ठिकाणी तसंच दिसलं म्हणून डॉक्टर ते सुचवतात. पण सुधारणा झाली हे एक, आणि ती गंधपेशीच्या जनुकांमुळेच झाली हे दुसरं. पहिलं भक्कम आहे. दुसऱ्यावर मी इतक्यात शिक्का मारणार नाही, कारण मेंदूही त्यात शिकत असतो. तुमच्या ईएनटींना विचारूनच चालू ठेवा.

मोजपट्टी

या मुद्द्यावर एक जुना प्रयोग इथे यायलाच हवा. अँड्रोस्टेनोन नावाचं एक संयुग आहे, काहींना ते लघवीसारखं घाण येतं, काहींना गोडसर येतं आणि कितीतरी लोकांना अजिबात येत नाही. १९८९ मध्ये चार्ल्स वायसॉकी आणि सहकाऱ्यांनी ज्यांना येत नाही अशा २० जणांना ते रोज हुंगायला लावलं, काही आठवड्यांत १० जणांना यायला लागलं. १९९३ मध्ये त्यांनीच उंदरात हे केलं, तिथे नाकातल्या अस्तराचा विजेचा प्रतिसादच वाढलेला दिसला, म्हणजे बदल नाकात.

पण २००२ मध्ये नोअम सोबेल यांच्या गटाने माणसांत एक साधीच गोष्ट केली, हे संयुग एकाच नाकपुडीला दिलं, दुसरी बंद. काही दिवसांनी ज्या नाकपुडीला कधी वास मिळालाच नाही तिलाही यायला लागला! दोन्ही बाजूंचं अस्तर वेगळं, मधे काही दुवा नाही, म्हणजे शिकलं ते मेंदूने. त्यामुळे "वास घेत राहिलात की नाकातली जनुकं बदलतात आणि म्हणून वास येतो" असं माणसांबद्दल सरळ म्हणता येत नाही.

वेदवती

@मोजपट्टी सोबेलचा प्रयोग मला फार आवडतो. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की मेंदूचा वाटा आहे. नाकाचा वाटा नाही असं त्यातून निघत नाही. आणि अँड्रोस्टेनोनमध्ये मूळ फरकच जनुकाचा आहे, २००७ मध्ये दाखवलं गेलं की ओआर७डी४ या रिसेप्टरचे जे प्रकार माणसांत आहेत त्यावर तो वास घाण वाटणार का बरा वाटणार का येणारच नाही हे बरंचसं ठरतं. ज्याच्याकडे रिसेप्टर मंद आहे त्याला जेमतेम सिग्नल मिळतोय आणि मेंदू तो ऐकायला शिकतोय, असं चित्र मला पटतं.

निखिल_७९

हे सगळं पुढच्या पिढीत जातं असंही कुठेतरी वाचलं होतं, उंदराला वासाची भीती घातली की पिल्लांनाही भीती. ते खरं का?

पेशीवाचक

ते डायस आणि रेसलर यांचं २०१४ मधलं काम. अ‍ॅसिटोफेनोन या वासाबरोबर नर उंदराला पायाला हलका विजेचा झटका द्यायचा, मग त्यांच्या पिल्लांमध्ये आणि त्या पिल्लांच्या पिल्लांमध्येही त्या वासाला दचकणं जास्त, आणि तो वास ओळखणाऱ्या एम७१ पेशीही जास्त. शुक्राणूमध्ये त्या रिसेप्टरच्या जनुकावर मिथाइलचे ठसे (डीएनएवर चिकटणाऱ्या, जनुक गप्प ठेवायला मदत करणाऱ्या खुणा) कमी झालेले दिसले. खूप गाजलं, आणि आकडेवारीवर तितकीच कडक टीकाही झाली. माझं मत विचाराल तर, शिकलेल्या प्राण्याच्या स्वतःच्या नाकात त्या पेशी वाढतात हा भाग मी मानतो. नाकातली बातमी शुक्राणूपर्यंत पोचते कशी हा दुवा जोपर्यंत कुणी दाखवत नाही तोपर्यंत पिढ्यांचा भाग मी बाजूला ठेवतो.

रानपाखरू

कृमींमध्येही हेच आहे हो! मी सी. एलेगन्सवर काम केलंय. या कृमीत एडब्ल्यूसी नावाची वासाची चेतापेशी असते. आवडीचा वास अर्धा तास दिला तर ती थोडा वेळच कंटाळते आणि लगेच पूर्ववत होते, पण तासाच्या वर दिला तर कंटाळा बराच टिकतो. कारण तेवढ्या वेळात ईजीएल-४ नावाचं काइनेज केंद्रकात शिरतं. २०१३ मध्ये नोएल ल'एट्वाल यांच्या गटाने पुढचा टप्पा दाखवला, पेशीतले अगदी छोटे आरएनए वासाच्या सिग्नलला लागणाऱ्या ओडीआर-१ या जनुकावरच जाऊन त्याला दाबतात. वास थोडा वेळ आला तर पेशी पडद्यापाशीच निभावते, खूप वेळ आला तर केंद्रकाला कळवते. ३०२ चेतापेशींच्या प्राण्यात ही तऱ्हा आहे म्हणजे ही फार जुनी युक्ती असणार.

अनामिका_र

हे सगळं रिसेप्टरमार्गे होतंय. पण वासाचा रेणूच सरळ पेशीत घुसून जनुकांवर परिणाम करतो असं नसतं का कधी?

पेशीवाचक

@अनामिका_र असतं, आणि तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमध्ये आनंदशंकर रे यांच्या लॅबने डायअसिटाइलवर काम केलंय, यीस्ट आंबवताना सोडतं ते उडून जाणारं संयुग. हे एचडॅक एन्झाइमांना अडवतं. ही एन्झाइमं हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढून डीएनए घट्ट गुंडाळायला मदत करतात, ती अडली की गुंडाळी सैल राहते आणि जनुकं चालायला सोपं जातं. डायअसिटाइलच्या वाफेत ठेवल्यावर फळमाश्यांच्या स्पर्शिकांमध्ये आणि उंदरांच्या फुफ्फुसांत आणि मेंदूतही जनुकांचं काम बदललेलं दिसलं. इथे पेशीला कुठला रिसेप्टर आहे याच्याशी देणंघेणं नाही.

पण कुणी हे वाचून ते हुंगायला जाऊ नका. कारखान्यात डायअसिटाइलची वाफ सतत छातीत गेल्याने कामगारांना फुफ्फुसाचा कायमचा, गंभीर आजार झालेला आहे, हे नोंदलेलं आहे.

दूरवरून

मी एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, सॉल्व्हंटचा वास आता मला जवळपास येत नाही, सुट्टीवरून आलो की पहिल्या दिवशी डोकं उठतं. म्हणजे माझ्या पेशींनी जनुकं खाली आणली आणि सुट्टीत परत वर गेली असं समजू का?

वेदवती

@दूरवरून उंदरांवरून अंदाज बांधला तर त्यातला एक भाग तसा असू शकतो, कारण तिथे वातावरण बदललं की काही तासांत पेशी नव्याने जुळवून घेतात. घ्राणकंदातही असं परत फिरणारं एक उदाहरण आहे, नाकपुडी बंद केली की तिथल्या डोपामिनवाल्या पेशींमधलं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे जनुक खाली जातं आणि नाकपुडी उघडली की परत वर येतं, पेशी तोपर्यंत जिवंतच असतात. मेंदूची सवय वेगळी, ती यात मिसळलेली आहेच. पण तुमच्या बाबतीत मला दुसरीच काळजी वाटते. वास येत नाही म्हणजे हवेत सॉल्व्हंट कमी झालं असं नाही, फुफ्फुसं आणि यकृत तेवढंच घेतायत. शिवाय काही सॉल्व्हंट गंधपेशींना खरंच इजा करतात, ती सवय नसते. त्यामुळे नाकावर विसंबू नका, मास्क आणि हवेचं मोजमाप यावर ठेवा, आणि सुट्टीनंतरही वास परत येईनासा झाला तर तपासून घ्या.

मोजपट्टी

माणसांत नाकाचा वाटा किती हे ठरवायचं तर प्रयोग मला सरळ दिसतो. सोबेलसारखाच, एका नाकपुडीला रोज एक वास, दुसरीला नाही, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या अस्तराचा नमुना घेऊन सिंगल सेल आरएनए. ओळख दोन्ही बाजूंना वाढली आणि जनुकं एकाच बाजूला बदलली, तर दोन्ही वाटे वेगळे करता येतील.

पेशीवाचक

प्रयोग म्हणून सुंदर आहे. अडचण नमुन्याची येईल. उंदराचं अस्तर सलग असतं, माणसाचं तसं नसतं, वय वाढतं तसं मधेमधे साधं श्वसनाचं अस्तर घुसतं आणि गंधपेशींचे तुकडे तुकडे राहतात. बायोप्सी एका बाजूला गंधपेशींच्या तुकड्यावर पडली आणि दुसऱ्या बाजूला भलत्याच जागी, तर फरक वासाचा दिसणार नाही, जागेचा दिसेल. त्यात ४०० प्रकार, म्हणजे तुम्ही दिलेला वास ओळखणाऱ्या पेशी एका छोट्या नमुन्यात मूठभरच येणार. खूप माणसं घ्यावी लागतील, आणि असा वास निवडावा लागेल जो एकाच वेळी बऱ्याच रिसेप्टरांना चालना देतो.

मोजपट्टी

मग एका रसायनाऐवजी मिश्रणच द्यावं, हुमेलचे चारही वास एकाच नाकपुडीला. ट्रेनिंग घेणारी माणसं तशीही मिळतात.

संध्यारंग

असा अभ्यास कुठे सुरू झाला तर मला कळवा, मी नाव देईन.